आवाज वाढवण्याआधी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक दृश्य हमखास दिसते. नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि सोबत आजोबा. विक्रेता एक गाणे लावतो, बटण फिरवतो, दुकानाचे काचेचे दार थरथरते आणि तो विजयी मुद्रेने म्हणतो, ‘बघा, हजार वॅट!’ सौदा होतो, खोके घरी येते. एक स्पीकर शोकेसवर चढतो, दुसरा वायर पुरत नाही म्हणून टीव्हीच्या टेबलाखाली सरकतो. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात आजोबा म्हणू लागतात, ‘आवाज मोठा आहे, पण शब्द कळत नाहीत.’ मग आवाज वाढतो. स्वयंपाकघरातून ‘अहो, जरा हळू करा’ अशी हाक येते. कमी केला तर आजोबांना ऐकू येत नाही, वाढवला तर सुनेचे डोके दुखते. चार महिन्यांनी घरात चर्चा सुरू होते, ‘याहून मोठा घ्यायला हवा होता.’

या घराने पैसे मोजले, पण तीन प्रश्न विचारलेच नाहीत. स्पीकर ठेवायचे कुठे, खोली कशी आहे, आणि ऐकणाऱ्यांचे कान कसे आहेत? घरच्या स्टिरिओचा दर्जा तो किती मोठ्याने वाजतो यावर ठरवण्याची सवय बाजाराने लावली आहे. आरोग्याच्या दृष्टीने कसोटी नेमकी उलटी हवी. आवाज कमी ठेवूनही शब्दन् शब्द पोहोचवणारी यंत्रणा चांगली. आणि घरातला आवाज महिन्यागणिक वाढवावा लागत असेल, तर ते एक लक्षण आहे असे समजावे. कारण मांडणीत असेल, खोलीत असेल किंवा कानात असेल. कारण न शोधता मोठा स्पीकर आणणे म्हणजे खोकला का येतो ते न पाहता औषधाची बाटली मोठी घेण्यासारखे आहे.

दोन कान, दोन स्पीकर

‘स्टिरिओ’चे मूळ ‘घन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. एकाच स्पीकरचा आवाज एका ठिकाणाहून येतो. दोन स्पीकर नीट मांडले तर समोर जणू बैठक उभी राहते. गायक मध्ये, तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला. या किमयेत स्पीकरइतकाच वाटा मेंदूचा आहे. डावीकडून कोणी हाक मारली तर ती डाव्या कानाशी आधी पोहोचते आणि उजव्या कानाशी किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. मेंदू तर त्याहून बारीक, सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही टिपू शकतो. शिवाय डोके आडवे आल्याने पलीकडच्या कानाला बारीक, उंच पट्टीचे आवाज थोडे कमी ऐकू येतात. खालच्या आवाजांची दिशा मुख्यतः वेळेच्या फरकावरून आणि वरच्या आवाजांची मुख्यतः तीव्रतेच्या फरकावरून कळते, अशी मांडणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली.

दोन कानांना मिळणाऱ्या या खुणा दोन स्पीकरमधून पुन्हा निर्माण करण्याची पद्धत ब्रिटिश अभियंता अॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये पेटंटसाठी दाखल केली. सिनेमाच्या पडद्यावर नट एका टोकाला जातो आणि त्याचा आवाज भलतीकडूनच येतो, हे त्यांना खटकले असे सांगतात. त्यांच्या सूत्राची एक अट मात्र आजही कोणत्याही महागड्या यंत्राला चुकवता आलेली नाही. ऐकणारा दोन्ही स्पीकरपासून सारख्याच अंतरावर हवा. तो एका स्पीकरच्या फूटभर जरी जवळ असला, तरी त्या बाजूचा आवाज सुमारे एक हजारांश सेकंद आधी पोहोचतो. मेंदू ‘आधी आला तो खरा’ असे धरतो आणि जवळजवळ सगळे गाणे त्याच बाजूला ढकलतो. एक स्पीकर शोकेसवर आणि दुसरा टेबलाखाली असलेल्या घरात म्हणून स्टिरिओ ऐकू येतच नाही. दोन पेट्या वाजत असतात, इतकेच.

मांडणी सुधारायला पैसे लागत नाहीत. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करावा. लहान हॉलमध्ये स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फुटांवर आणि खुर्चीही प्रत्येकापासून तितक्याच अंतरावर. बारीक आवाज काढणारा छोटा भाग, म्हणजे ट्विटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. स्पीकरची तोंडे किंचित खुर्चीकडे वळवावीत. मागच्या भिंतीपासून ते फूट-दीड फूट तरी पुढे असावेत आणि कोपऱ्यात मुळीच नसावेत. वायर जोडताना लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, दोन्ही बाजूंना सारखे. एका बाजूला ते उलटे जोडले गेले, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज पातळ होतो आणि गायकाचा आवाज मध्ये न थांबता खोलीभर विरून जातो. मग आवाज वाढवला जातो, आणि दोष दोन रुपयांच्या वायरीत आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मांडणी जमली की नाही हे तपासण्याचे उत्तम साधन मराठी घरात आधीपासूनच आहे. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या घ्या किंवा पुणे आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये प्रसारित केलेल्या ‘गीतरामायणा’च्या काळातले ध्वनिमुद्रण घ्या. ते एकाच मार्गाचे, म्हणजे ‘मोनो’ असे. अशी जुनी मुद्रिका आजच्या यंत्रावर लावली की दोन्ही स्पीकरमधून अगदी एकसारखा आवाज येतो. डोळे मिटून ऐकावे. मांडणी बरोबर असेल तर गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथे, बसलेला वाटतो.

तो एका बाजूला झुकलेला वाटला तर कारण शोधावे. बॅलन्सचे बटण मध्यावर आहे का ते पाहावे. मग अॅम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायर आपसांत बदलून पाहाव्यात. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष अॅम्प्लिफायरच्या अलीकडे आहे. गेला नाही, तर खुर्ची तिथेच उलटी फिरवून, स्पीकरकडे पाठ करून ऐकावे. आता गायक दुसऱ्या स्पीकरकडे सरकला, तर संशय यंत्रावरून आणि खोलीवरून उठून ऐकणाऱ्याच्या एका कानावर येतो. हे काही निदान नव्हे. पण कान तपासून घ्यावा इतका इशारा त्यात नक्की आहे.

खोलीचाही आवाज असतो

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना. उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ खोलीत घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या कमी-जास्त संख्येने मांडून घुमण्याचा काळ मोजला आणि सकाळ होण्याआधी गाद्या परत नेऊन ठेवल्या. खोलीचे आकारमान आणि तिच्यातल्या वस्तूंची आवाज शोषण्याची क्षमता यांवर घुमण्याचा काळ ठरतो, हा नियम त्या रात्रींमधून निघाला. वक्त्याला आणखी मोठ्याने बोलायला लावून ते व्याख्यानगृह सुधारले नसते. मोठ्या आवाजाबरोबर घुमणेही तितकेच वाढते.

आजच्या फ्लॅटमधला हॉल त्या व्याख्यानगृहाचाच धाकटा भाऊ आहे. खाली गुळगुळीत टाइल्स, भोवती गिलाव्याच्या भिंती, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. यातले काहीच आवाज फारसा शोषत नाही. हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागे झणझण अशी शेपटी ऐकू आली, तर तीच शेपटी प्रत्येक शब्दाला लागते आहे. त्यावर उपाय घरातच असतो. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी, खिडकीला घट्ट विणीचे जाड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट. जुनी गोधडी भिंतीवर टांगली तर ती शोभेचीही होते आणि कामाचीही. चाळीतल्या गाद्या-उशांनी भरलेल्या खोलीत साधा रेडिओसुद्धा स्पष्ट ऐकू येई, त्यात या सामानाचाही हात होता.

खर्जाचे दुखणे वेगळे. त्याच्या लहरी लांब असतात. ५० हर्ट्झची लहर जवळपास सात मीटरची असते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचे आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतात. कोपऱ्यात कान नेला तर भयंकर घुमतात आणि दोन पावले पुढे आले की जवळपास नाहीसे होतात. सतरंजी-पडद्यांनी हे फारसे थांबत नाही. स्पीकर आणि खुर्ची अर्धा-एक फूट पुढे-मागे सरकवून पाहणे हाच घरगुती उपाय. वेगळा सबवूफर असेल तर तो कोपऱ्यातून बाहेर काढावा आणि त्याचा आवाज कमी करावा.

इथे वैद्यकाचा मुद्दा येतो. खालचे मोठे आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात, उलट मात्र तितके होत नाही. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीच्या सुरुवातीच्या भागात उंच स्वर टिपले जातात आणि शेवटच्या टोकाला खर्ज. खर्जाच्या लहरीला टोकाशी जाताना उंच स्वरांच्या भागातूनच जावे लागते आणि आवाज मोठा असेल तर ती तो भागही हलवून जाते. म्हणून डग्गा घुमू लागला की गायकाचे शब्द हरवतात. ‘शब्द कळत नाहीत’ या तक्रारीवर आवाज वाढवला की खर्जही वाढतो आणि शब्द आणखी झाकले जातात. अशा वेळी खर्जाचे बटण कमी करणे हा योग्य उपाय असतो, आणि नेमका तोच बहुतेक घरांत सुचत नाही.

वॅटचे गणित

दुकानातल्या ‘हजार वॅट’चे काय? पहिली गोष्ट, खोक्यावरच्या पीएमपीओ नावाच्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य मानक नाही. पाहायचाच असेल तर आरएमएस हा आकडा पाहावा. दुसरी गोष्ट, तोही फार मोठा लागत नाही. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबल हे पट मोजणारे माप आहे. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी दहापट वॅट लागतात. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर आणला तर फरक जेमतेम जाणवेल.

आता घरातली गरज पाहा. घरगुती स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावरून साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज देतात. समोरासमोर बसून मारलेल्या गप्पा ६० डेसिबलच्या आसपास असतात आणि निवांत गाणे ऐकायला ७० पुरेसे होतात. म्हणजे बहुतेक वेळ ही यंत्रणा एका वॅटच्या छोट्याशा अंशावर चालते. तबल्याची थाप किंवा तार सप्तकातली तान आली तर क्षणभर काही वॅट. लहान खोलीला तीस-चाळीस खरे वॅट पुष्कळ झाले. उरलेले नऊशे साठ वॅट फक्त बिलात दिसतात.

मग दुकानात मोठा आवाज चांगला का वाटतो? त्याचे उत्तर अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांत आहे. आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. आवाज वाढत गेला की खर्ज भरत जातो आणि तेच गाणे श्रीमंत वाटू लागते. म्हणून दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला लावावा. जो किंचित मोठा वाजतो तो दर्जेदार वाटतो, ही कानाची जुनी फसगत आहे. शक्य तर परीक्षेसाठी तानपुरा आणि एक बोलता आवाज निवडावा. जवारीतून निघणारी स्वरांची झालर स्पष्ट आली आणि बातम्या वाचणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ वेगळा कळला, तर बाकी बरेच काही नीट असते.

कानाचा हिशेब

यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. आतल्या कानाचे तसे नाही. प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. माणूस त्या जन्मतःच घेऊन येतो. एकदा मेलेली केसपेशी माणसात पुन्हा तयार होत नाही. मोठ्या आवाजाने होणारी इजा आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोहोंवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल असेल तर ही मर्यादा चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला आठवड्याची वीसेक मिनिटे. लहान मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलचीच आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. बटण थोडेसेच फिरवलेले दिसते, पण कानाच्या वहीतला खर्च दुप्पट झालेला असतो.

यात एक मेख आहे. स्वस्त यंत्र आवाज वाढवला की चिरकते, आणि कान स्वतःहून बटणाकडे हात नेतो. उत्तम यंत्र चिरकत नाही. ९५ डेसिबललाही ते गोडच वाटते, त्यामुळे ते मोठे आहे हे कळतच नाही. म्हणजे यंत्र जितके चांगले, तितकी सावधगिरी जास्त हवी. ‘कान दुखत नाहीत, म्हणजे ठीक आहे’ हा समज घातक आहे. दुखण्याची पातळी १२० डेसिबलच्या आसपास असते आणि इजा त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. गाणे बंद केल्यावर कानात शिट्टी वाजणे किंवा कापूस घातल्यासारखे वाटणे ही इजेची पावती आहे. ती काही तासांत गेली तरी हिशेब फिटला असे नाही.

मोबाइलमधले आवाज मोजणारे अॅप अगदी अचूक नसते, पण अंदाजाला पुरते. खुर्चीत बसून कानाजवळ मोबाइल धरावा. सरासरी ७०-७५ च्या वर जात असेल तर थांबून विचार करावा.

मोठ्या आवाजाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ढोल-ताशा छातीत ऐकायचा असतो, रॉक संगीत कुजबुजत ऐकायचे नसते, हे खरेच. महिन्यातून एकदा अर्धा तास मनसोक्त ऐकल्याने कोणी बहिरे होत नाही. कान आठवड्याचा एकूण हिशेब पाहतो. धोका त्या अर्ध्या तासात कमी आणि रोजच्या चार तासांत जास्त आहे, कारण घरातला आवाज हळूहळू वर चढतो आणि कोणाला तो चढल्याचे कळत नाही. शिवाय भिंतीपलीकडे शेजारी असतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी यंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. स्वतःचा आनंद शेजारच्या बाळाच्या झोपेतून वसूल करण्याचा हक्क कोणत्याही बिलाबरोबर मिळत नाही.

आजोबांची तक्रार

आता पुन्हा त्या घरात. मांडणी सुधारली, सतरंजी आली, खर्ज कमी केला आणि तरीही आजोबा म्हणतात, ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत.’ कान-नाक-घसा तज्ज्ञासाठी हे वाक्य म्हणजे अर्धे निदान असते. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे ऐकू येणे कमी होते. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि ते बहुतांशी खालच्या पट्टीत असतात. अर्थ मात्र व्यंजनांवर अवलंबून असतो आणि त्यांतली स, श, ख, फ, थ अशी व्यंजने बारीक आणि दुबळी असतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण ते ‘सात’ म्हणाले की ‘हात’, हे कळत नाही. अशा कानाला सगळाच आवाज वाढवून दिला तर आधीच ऐकू येणारा भाग असह्य होतो आणि न येणारा भाग तसाच राहतो. ‘हळू बोललास तर ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललास की म्हणतात ओरडतोस कशाला’ हा घराघरांतला वाद स्वभावाचा नसतो, कानाचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीच्या पुढच्या चारांपैकी एकाहून अधिक व्यक्तींना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा श्रवणदोष असतो. तरी चष्मा जितक्या सहज घेतला जातो तितक्या सहज कान तपासला जात नाही. ‘आता वय झाले’ म्हणून विषय मिटतो. खरे तर पहिली पायरी अगदी साधी असते. कानात मळ घट्ट बसला आहे का, पडद्याला भोक आहे का, हे डॉक्टर पाहतात. त्यानंतर ऑडिओग्राम. शांत खोलीत हेडफोनमधून वेगवेगळ्या पट्टीचे स्वर ऐकवतात आणि ऐकू आले की बटण दाबायचे. सुई नाही, वेदना नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते आहे. एक सूचना मात्र वेगळी लक्षात ठेवावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘बघू दोन-चार दिवस’ असे म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त.

श्रवणयंत्र लागले तर तेही स्टिरिओच्याच नियमाने पाहावे. दोन्ही कानांत दोष असेल तर सहसा दोन्ही कानांना यंत्र लागते, कारण दिशा कळायला आणि गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायला मेंदूला दोन कान हवे असतात. आधुनिक यंत्रे ज्या पट्टीत कमी ऐकू येते तीच पट्टी उचलतात. हॉलमधला स्पीकर हे करू शकत नाही. त्याला सगळ्या घरासाठी एकच आवाज काढावा लागतो.

हा प्रश्न गाण्यापुरता नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२० आणि २०२४ या दोन्ही अहवालांत श्रवणदोषाला टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या जोखमीच्या घटकांत धरले आहे. श्रवणयंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतोच, असे त्याचा अर्थ काढणे घाईचे ठरेल. पण ज्याला ऐकू येत नाही तो माणूस आधी प्रश्न विचारणे सोडतो, मग विनोदावर उशिरा हसतो, मग हॉलमध्ये बसणेच सोडतो. हे कळायला मात्र अहवालाची गरज नाही.

म्हणून खर्चाचा क्रम बदलायला हवा. आधी घरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा ऑडिओग्राम. मग स्पीकर आणि खुर्चीचा त्रिकोण. मग सतरंजी आणि पडदे. मग दोन बरे स्पीकर. वॅट शेवटी. हा क्रम पाळला तर दोन स्पीकरवर फार खर्चही करावा लागत नाही.

आणि शेवटची गोष्ट फुकट आहे. आज घरात ज्या आवाजावर गाणे सर्वांना सुखाने ऐकू येते, त्या ठिकाणी बटणाजवळ पेनने एक बारीक खूण करावी. पडद्यावर आकडा दिसत असेल तर तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी बटण त्या खुणेच्या पुढे गेलेले दिसले, तर दुकानात जाऊ नये. कानाच्या डॉक्टरकडे जावे.